प्राणवायू घरी येतो तेव्हा

आमच्या माजघरात गेली काही वर्षे एक यंत्र घुमते आहे. गुडघ्याएवढ्या उंचीचे, चार चाकांचे, पेटीसारखे. त्यातून निघालेली बारीक पारदर्शक नळी माझ्या आईच्या नाकाशी जाते. आईने विडी कधी तोंडाला लावली नाही. पण चुलीपुढे फुंकणी घेऊन बसण्यात तिची चाळीस वर्षे गेली. त्या धुराने फुप्फुसे निकामी करीत आणली. डॉक्टरांनी मनगटाच्या धमनीतून रक्त काढून तपासले आणि सांगितले, "यांना घरी ऑक्सिजन लागेल. मिनिटाला दोन लिटर, दिवसाचे निदान पंधरा तास."

यंत्र घरी आले आणि पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या. मी तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवावयास गेलो, की आई यंत्र बंद करून ठेवी. विचारले तर म्हणाली, "अरे, आता बरं वाटतंय की मला. उगीच कशाला मीटर पळवायचं?" दुसरी गोष्ट याहून भीतीची. दिवेलागणीला ती नळी तशीच नाकात ठेवून देवघरात जाई आणि समई लावी. मी ओरडलो, तेव्हा ती म्हणाली, "वाऱ्याला दिव्याचं काय वाकडं?"

आईचे प्रश्न असे तीन होते. पंधराच तास का? दिव्याला का भ्यायचे? आणि हा सगळा खर्च सोसायचा कुणी? मी इतिहासाचा मास्तर, वैद्यकाचा नव्हे. पण या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो, तेव्हा ती मला इतिहासातच सापडली. तीच आज तुम्हांला सांगावयाची आहेत. कारण माझ्या आईसारखी माणसे तुमच्याही गावात आहेत, कदाचित तुमच्याही घरात असतील.

गोष्टीची सुरुवात एका मेणबत्तीपासून होते. १७७४ सालच्या ऑगस्ट महिन्याची पहिली तारीख. इंग्लंडात विल्टशर परगण्यात बोवुड नावाचा एका सरदाराचा वाडा होता. तेथे जोसेफ प्रिस्टली नावाचा एक धर्मोपदेशक फावल्या वेळी वायूंचे प्रयोग करीत असे. त्याने मोठ्या भिंगाने सूर्याचे किरण एकवटून पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर पाडले. भस्म तापले, त्यातून एक वायू निघाला. त्या वायूत पेटती मेणबत्ती धरली, तर ज्योत एकदम मोठी होऊन भडभडून जळू लागली. पुढच्या वर्षी त्याने त्या वायूत एक उंदीर ठेवला. साध्या हवेत कोंडलेला उंदीर जितका वेळ तग धरी, त्याहून हा कितीतरी अधिक वेळ जगला. मग प्रिस्टलीने नळीने तो वायू स्वतः ओढून पाहिला. छाती हलकी झाल्यासारखे त्याला वाटले.

स्वीडनमध्ये कार्ल शील नावाच्या औषध बनविणाऱ्या गृहस्थाने हाच वायू थोडा आधी शोधला होता. पण त्याचे पुस्तक उशिरा, १७७७ साली, छापून निघाले. जळणे आणि श्वास घेणे या दोन्ही क्रियांत हाच वायू खर्ची पडतो, हे नीट उलगडून सांगितले ते फ्रान्सच्या लाव्हाझिए याने. 'ऑक्सिजन' हे नावही त्याचेच. आपण त्याला प्राणवायू म्हणतो.

आता प्रिस्टलीची एक गोष्ट मनात ठेवा. या वायूचा आजाऱ्यांना उपयोग होईल, हे त्याला त्याच वेळी सुचले होते. पण लगेच त्याने एक शंकाही लिहून ठेवली. ज्या वायूत मेणबत्ती एवढी लवकर जळून जाते, त्या वायूत निरोगी माणसाचे आयुष्यही लवकर जळून जाणार नाही कशावरून? पहा, औषध सापडले त्याच दिवसांत त्याच्या मात्रेची शंका आली, आणि ज्योतीशी त्याचे नाते तर पहिल्याच दिवशी दिसले. म्हणजे आईच्या तीन प्रश्नांपैकी दोन प्रश्न अडीचशे वर्षांपूर्वीच विचारले गेले होते.

तिसरा प्रश्न, पैशाचा. तोही लवकरच उभा राहिला. वाफेच्या इंजिनात सुधारणा करणारा जेम्स वॉट आपल्या शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. त्याची मुलगी जेसी १७९४ साली क्षयाने वारली. ते दुःख मनात असता वॉटने थॉमस बेडोज नावाच्या डॉक्टराला मदत केली. वायू तयार करण्याची आणि रोग्याला हुंगविण्याची उपकरणे त्याने स्वतः आखून दिली. १७९९ साली बेडोजने ब्रिस्टल शहरात वायूंनी उपचार करणारी एक संस्था काढली. वेजवुड घराण्यातील मंडळींनी आणि इतरांनी वर्गणी दिली, आणि गावातल्या गरिबांवर तेथे फुकट उपचार होऊ लागले. पुढे नावारूपास आलेला हंफ्री डेव्ही तेथेच तरुणपणी कामाला होता.

ही संस्था फार वर्षे टिकली नाही. कारणे दोन. कोणत्या रोगाला कोणता वायू, किती द्यावा, याचे ज्ञान नव्हते. क्षयाला प्राणवायूने उतार पडणार नव्हता. आणि वर्गणीवर चाललेले काम वर्गणी आटली की थांबते. ज्ञान आणि पैसा, ही दोन्ही चाके असल्याशिवाय ही गाडी घरापर्यंत पोहोचत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला. तो गिरवावयास मात्र पावणेदोनशे वर्षे लागली.

त्यानंतरच्या शंभर वर्षांत प्राणवायू मिळविणे तेवढे सोपे झाले. जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे याने १८९५ साली हवा थंड करून तिचे पाणी करण्याची रीत बसविली, आणि पुढे त्या पातळ हवेतून प्राणवायू वेगळा काढला. तो पोलादी सिलिंडरांत भरून कारखान्यांत धातू जोडण्यासाठी जाऊ लागला. दवाखान्यांतही सिलिंडर आले. पण वापर कसा? रोगी अत्यवस्थ झाला, की तोंडाशी नरसाळे धरावयाचे, चार घटका वायू सोडावयाचा आणि बंद करावयाचे.

ही रीत चूक आहे, हे एका महायुद्धाने शिकविले. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने क्लोरिन वायू सोडला. चार दिवसांनी त्याच रणभूमीवर आपल्या हिंदी सैनिकांची लाहोर डिव्हिजन उतरली, आणि २६ एप्रिलला तिच्यावरही विषारी वायू आला. पंजाबातले, सरहद्दीवरचे जवान आपल्या गावापासून हजारो मैलांवर श्वासासाठी तडफडले. अशा सैनिकांवरील उपचाराचा विचार स्कॉटलंडचा शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन करीत होता. त्याने मोजून आणि सतत प्राणवायू देणारे उपकरण केले आणि १९१७ साली त्यावर लेख लिहिला. त्याचे म्हणणे सोपे होते. प्राणवायू मधूनमधून देण्यात अर्थ नाही. तसे करणे म्हणजे बुडणाऱ्या माणसाला घडीभर पाण्यावर काढावयाचे आणि पुन्हा आत सोडावयाचे.

श्रोतेहो, ही उपमा मी आईला सांगितली. आमच्या गावाला नदी आहे. बुडणे म्हणजे काय, ते तिला पुस्तकातून शिकावे लागत नाही. ती एकदम गप्प झाली.

पण मात्रेचा प्रश्न अजून सुटला नव्हता, आणि मध्ये एक फार वाईट प्रकरण घडले. १९४०नंतरच्या दशकात अमेरिका व इतर सधन देशांत अपुऱ्या दिवसांची बालके वाचविण्यासाठी त्यांना काचेच्या पेटीत ठेवून भरपूर प्राणवायू देऊ लागले. अधिक दिला तर अधिक चांगले, असा समज. त्यातील पुष्कळ मुले आंधळी झाली. मेलबर्नच्या केट कॅम्बेल या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९५१ साली बोट ठेवून दाखविले, की हा दोष जादा प्राणवायूचा आहे. पुढे अमेरिकेतील मोठ्या पाहणीने ते सिद्ध झाले. तोपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती. ज्या देशांत यंत्रे सर्वांत चांगली, तेथेच हे अंधत्व सर्वांत जास्त, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मोठ्या माणसांतही असाच धोका होता. वर्षानुवर्षे ज्याची फुप्फुसे खराब आहेत, अशा माणसाला एकदम जोराचा प्राणवायू दिला, तर कधीकधी त्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. माणूस गुंगीत जातो, बेशुद्ध पडतो, दगावतोही. घरच्यांना वाटते, झोप लागली. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉक्टर मोरन कॅम्बेल यांनी १९६० साली यावर तोड काढली. हवेत ठरावीक प्रमाणातच प्राणवायू मिसळणारा मुखवटा त्यांनी तयार केला. म्हणून डॉक्टर 'दोन लिटर' लिहितात तेव्हा ते दोनच लिटर. आजीला धाप लागली म्हणून नातवाने यंत्राचा काटा पाचावर नेऊन ठेवावयाचा नाही. तेथे डॉक्टरला बोलवावे, काट्याला हात लावू नये.

आता आईच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. पंधरा तासच का?

साधारण १९६५च्या सुमारास अमेरिकेत डेन्व्हर शहरी थॉमस पेटी व त्यांचे सहकारी फुप्फुसाच्या जुन्या रोग्यांना घरी, हिंडताफिरता प्राणवायू देऊन पाहू लागले. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल उंच. तेथे हवाच विरळ. रोगी चालू लागले, कामे करू लागले. पण एवढ्यावरून आयुष्य वाढते, असे म्हणता येत नव्हते. त्यासाठी नीट मोजणी हवी होती. ती अटलांटिकच्या दोन्ही काठांवर झाली.

ब्रिटनमध्ये एडिंबरा, बर्मिंगहॅम आणि शेफील्ड येथील ८७ रोगी घेतले. सर्वांच्या रक्तात प्राणवायू फार कमी होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. ४२ जणांना घरी दिवसाचे निदान पंधरा तास प्राणवायू दिला. ४५ जणांना इतर उपचार दिले, प्राणवायू दिला नाही. पाच वर्षांनी हिशेब केला. प्राणवायू घेणाऱ्या ४२ पैकी १९ जण वारले होते. न घेणाऱ्या ४५ पैकी ३० जण वारले होते. हा अहवाल १९८१ सालचा. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेतील २०३ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली होती. तेथे एका गटाला फक्त रात्री, सुमारे बारा तास, आणि दुसऱ्याला जवळजवळ दिवसरात्र, सरासरीने अठरा तासांच्या आसपास प्राणवायू दिला. फक्त रात्री घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जवळजवळ दुप्पट निघाले.

शिक्षक मित्रहो, हे आकडे फळ्यावर लिहून मुलांना टक्केवारी काढावयास सांगा. गणित होईल आणि घरी सांगावयास एक गोष्टही होईल. पंधरा तास हा आकडा कुणाच्या लहरीतून आलेला नाही. तो त्या ८७ माणसांच्या आयुष्यातून आला आहे. 'बरे वाटते म्हणून बंद केले' याचा अर्थ काय, तो यावरून कळतो. हे बरे वाटण्याचे औषध नव्हे. हृदयावरचा ताण कमी करून आयुष्य लांबविण्याचे औषध आहे. त्याचा गुण घटकेत कळत नाही.

पुढे आणखी दोन गोष्टी सिद्ध झाल्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. ज्यांच्या रक्तात प्राणवायू थोडासाच कमी आहे, अशा ७३८ रोग्यांची अमेरिकेत पाहणी झाली. २०१६ साली निष्कर्ष निघाला, की त्यांना घरच्या प्राणवायूने आयुष्याचा लाभ होत नाही. आणि २०२४ साली स्वीडनमधून कळले, की ज्यांना तो खरोखर लागतो, त्यांनी चोवीस तास घेतला तरी पंधरा तासांहून अधिक फायदा दिसत नाही. म्हणजे ज्याला लागत नाही, त्याने उगाच यंत्राला पैसे घालू नयेत. आणि ज्याला लागतो, त्याने दिवसभर नळीला जखडून बसलेच पाहिजे असेही नाही. तुमच्या माणसापुरता निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचा.

आता पैशाचा प्रश्न. सिलिंडरांवर पंधरा तास भागविणे ही सामान्य घराच्या आवाक्याबाहेरची गोष्ट. हिशेब पहा. आपल्याकडे मिळणाऱ्या लहान सिलिंडरात सुमारे दीड हजार लिटर वायू मावतो. मिनिटाला दोन लिटर, म्हणजे साडेबारा तास. एक दिवसही पुरत नाही! या अडचणीतून वाट निघाली ती एका निराळ्या यंत्राने. झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांवरून दाबाखाली हवा सोडली, की ते दाणे हवेतला नत्रवायू धरून ठेवतात आणि प्राणवायू पुढे जातो. दाब सोडला, की नत्रवायू सुटतो आणि दाणे पुन्हा तयार. चार्ल्स स्कार्स्ट्रॉम यांना १९६० साली या रीतीचे पेटंट मिळाले. घरी घुमणारे यंत्र, ज्याला आपण कॉन्सन्ट्रेटर म्हणतो, ते याच रीतीवर चालते. प्राणवायू त्याच्या पोटात साठवलेला नसतो. खोलीतलीच हवा आत घेऊन ते नव्वद टक्क्यांच्या वर शुद्ध प्राणवायू देते.

ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली होती. पाहणीचे निष्कर्ष आले, यंत्र हाताशी आले, आणि १९८५ साली तेथे कॉन्सन्ट्रेटर सरकारी खर्चाने, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळू लागला. यंत्र घरी बसवून देणे, दुरुस्ती, अडीअडचणीला जादा सिलिंडर, हे सर्व त्यात आले. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक बारीक तरतूद: यंत्राला लागलेल्या विजेचे पैसे रोग्याला परत मिळतात. ऑस्ट्रेलियातील काही राज्यांतही अशा घरांना वीजबिलात सूट आहे.

ही तरतूद का महत्त्वाची? पाच लिटरचे यंत्र साधारण साडेतीनशे वॉट वीज खाते. पंधरा तासांची सव्वापाच युनिटे झाली. महिन्याची दीडशेहून अधिक. बेताच्या घराचे बिल त्याने दुपटीवर जाते, आणि युनिटे वाढली की दराचा टप्पाही वरचा लागतो. माझी आई यंत्र बंद करीत होती, ती अडाणीपणाने नव्हे. तिने मीटरचा हिशेब बरोबर केला होता. नुसते यंत्र दिले आणि वीज दिली नाही, तर गरीब माणूस पंधरा तासांचे पाच तास करतो. मग ते ना औषध, ना बचत.

आपल्या देशात काय आहे? घरच्या प्राणवायूचा खर्च उचलणारी सर्वांसाठी म्हणून एकच योजना आपल्याकडे नाही. आपल्या मोठ्या सरकारी आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांच्या आहेत. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेतील नोकर व निवृत्तिवेतनधारक यांना कॉन्सन्ट्रेटरचा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत, आधी मंजुरी घेऊन, परत मिळण्याची तरतूद आहे. तुमच्या घरी असे कोणी असेल तर विचारा. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. इतरांसाठी उरतात त्या धर्मादाय संस्था, ट्रस्ट आणि मंडळे. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूसाठी जी धावाधाव झाली, ती आपण कोणीच विसरणार नाही. त्या वेळी केंद्राने एक लाख कॉन्सन्ट्रेटर घेण्याचे जाहीर केले, आणि जून महिन्यात या यंत्रांवरच्या व्यापारी नफ्याला मर्यादा घातली. गावोगावच्या संस्थांनीही यंत्रे घेतली. त्यांतील कित्येक आज कोपऱ्यात धूळ खात असतील. ग्रामपंचायतीत, आरोग्य केंद्रात, तालुक्याच्या संस्थांत चौकशी करा. अनामत रक्कम ठेवून किंवा अल्प भाड्याने यंत्र देणाऱ्या संस्था आहेत.

येथे माझा एक अनुभव सांगतो. आईसाठी मी अशाच एका संस्थेकडे गेलो. दोनदा परत आलो. पहिल्यांदा रक्ताच्या तपासणीचा कागद नव्हता म्हणून. दुसऱ्यांदा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर किती लिटर आणि किती तास, हे लिहिलेले नव्हते म्हणून. तेव्हा मला फार राग आला होता. आता वाटते, त्यांचेच बरोबर होते. तुम्ही मात्र हेलपाटे घालू नका. आजार स्थिर असताना केलेल्या धमनीतील रक्ताच्या तपासणीचा कागद, आणि लिटर, तास व आजाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी, दोन्ही घेऊनच जा. सामान्यतः रक्तातील प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या ५५ मिलिमीटरपर्यंत किंवा त्याखाली असेल, तर हा उपचार सुचवितात. बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर अंदाजापुरता चांगला. पण बोटे गार असली, नखांना रंग असला, तर तो चुकतो, आणि सावळ्या कातडीवर कधीकधी खऱ्याहून जास्त आकडा दाखवितो. त्याच्या एकट्याच्या भरवशावर यंत्र विकत घेऊ नका आणि बंदही करू नका.

आता शेवटचा प्रश्न, समईचा. प्राणवायू स्वतः पेट घेत नाही. पण पेटलेल्याला तो असा चेतवितो, की ठिणगीचा वणवा होतो. २७ जानेवारी १९६७ रोजी अमेरिकेच्या अपोलो यानाची जमिनीवरच चाचणी चालू होती. आतल्या कोठडीत शुद्ध प्राणवायू भरला होता. कोठे तरी ठिणगी पडली आणि एरवी सावकाश जळणाऱ्या नायलॉनच्या जाळ्या भडकल्या. तीन अंतराळवीर दार उघडण्याआधीच गेले. एवढ्या हुशार लोकांच्या देशात हे घडले. मग आपल्या माजघराची काय कथा!

म्हणून हे नियम घरात सर्वांना पाठ असू द्या. यंत्र किंवा सिलिंडर चालू असेल तेथून दहा फुटांच्या आत चूल, गॅस, समई, निरांजन, उदबत्ती, कापूर, काहीही पेटते नको. त्या खोलीत विडी-सिगारेट कोणीही ओढावयाची नाही. पाहुण्यानेही नाही, आणि रोग्याने तर कधीच नाही. प्राणवायू कपड्यांत, केसांत, पांघरुणात मुरून राहतो. म्हणून नळी काढल्याबरोबर विस्तवाजवळ जाऊ नये, निदान वीस मिनिटे मोकळ्या हवेत बसावे. चालू नळी गादीवर टाकून उठू नये. आधी यंत्र बंद करावे. नाकाला, ओठांना तेल, तूप, व्हॅसलीन, बाम लावू नये. कोरडे पडले तर पाण्यात मिसळणारे मलम डॉक्टरांना विचारून घ्यावे. सिलिंडरच्या चावीला तेलाचा हात लागू देऊ नये. सिलिंडर उभा, साखळीने भिंतीशी बांधलेला असावा.

यंत्र भिंतीपासून फूटभर दूर ठेवा, म्हणजे त्याला हवा मिळेल. त्याला वेगळे, अर्थिंग असलेले बटण द्या. वायरींची लांबण लावू नका. हवेची जाळी आठवड्याला धुऊन, वाळवून बसवा. पाण्याची बाटली असेल तर तिच्यात उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्ड पाणी घाला आणि ते रोज बदला. नळीत पाय अडकून म्हातारी माणसे पडतात, तिकडे लक्ष ठेवा. आणि आपल्याकडे लाईट जातेच. तेव्हा एक भरलेला सिलिंडर घरात हवा, आणि तो उघडावयाचा कसा हे घरातल्या दोघांना तरी येत हवे. इंग्लंडात या नळ्यांमध्ये आग थांबविणारी लहानशी झडप बसविलेली असते. तुमच्याकडे यंत्र देणाऱ्याला तिच्याविषयी विचारून पहा.

श्रोतेहो, प्रिस्टलीने ज्योत पाहिली, वॉटने मुलीच्या दुःखातून उपकरणे केली, हॉल्डेनने सातत्य सांगितले, आणि ८७ माणसांनी पंधरा तासांचा हिशेब दिला. यातील ज्ञान आता आपल्या दारी आले आहे. पैशाची व्यवस्था अर्धीमुर्धी आहे. ती पुरी व्हावी म्हणून ग्रामसभेत, पंचायतीत हा विषय काढला पाहिजे. सर्वांआधी, वीजबिलाचा. आणि चुलीचा धूर कमी झाला, तर पुढच्या पिढीतल्या बायकांना या यंत्राची पाळीच येणार नाही, हेही विसरता कामा नये.

आमच्या घरचे सांगतो. आईचे पंधरा तास आता ठरलेले आहेत: रात्रीचे नऊ, सकाळी तीन, दुपारी तीन. मीटर पळते, पळू दे, असे मी तिला सांगितले. आणि महिन्याचे बिल तिच्या हाती पडू नये अशी व्यवस्थाही केली. संध्याकाळी समई माझी मुलगी लावते. आई माजघराच्या उंबऱ्याशी, लांब बसून हात जोडते. पहिले चार दिवस तिला ते जड गेले. पाचव्या दिवशी नातीला तिने स्वतःच हाक मारली, "अगं, दिवे लावायची वेळ झाली. मला नळी आहे, तू लाव."